बसलेला हात

बाप झालेल्या माणसाला लोक सल्ले देतात, भेटी सगळ्या बाळाला. रेवाच्या बारशाला दुपटी, झबली, चांदीचे वाळे यांचा ढीग पडला होता, आणि त्या ढिगात बापाच्या जुन्या दोस्ताने, दिग्विजयने, म्हणजे सगळ्यांच्या डिग्याने, एक भलताच मोठा खोका आणून पाळण्याखाली सरकवला. बाळाच्या आजीने, म्हणजे मैथिलीच्या आईने, हौसेने तो उघडला. आतून उघड्या सांगाड्याची, जाड रबरी चाकांची हातभर मोटार निघाली, तेव्हा बायकांत हशा पिकला.

"अहो, हिला अजून मान धरता येत नाही," मैथिलीची आई म्हणाली.

"पोरीला न्हवं ओ काकी, पोरीच्या बापाला आणलीय. लगीन झाल्यापास्नं नाद सोडलाय त्यानं. नुसता सुतक असल्यागत फिरतोय."

इंद्रजित हसला, पण त्याची नजर मोटारीच्या मागच्या स्प्रिंगांवरून हलेना. कॉलेजात असताना अख्ख्या कोल्हापुरात त्याच्यासारखी रिमोटची गाडी कुणी पळवत नसे. या गाड्या म्हणजे पोरांची खेळणी नव्हेत. यांना खरं गिअर असतं, खरं सस्पेन्शन असतं, आणि नीट जुळवलेली गाडी सरळ रस्त्यावर मोटरसायकलला मागे टाकते. मग नोकरी लागली, पंपांच्या कारखान्यात डिझाइनचं काम आलं, लग्न झालं. गाड्या आधी कपाटावर गेल्या, नंतर विकल्या गेल्या. त्याचं त्याला फारसं वाईटही वाटलं नव्हतं, निदान तो तसं सांगायचा.

"जा की," रात्रंदिवसाच्या जागरणाने डोळे तारवटलेली मैथिली त्याला पुढच्याच आठवड्यात म्हणाली. "रविवारी दोन तास जाऊन ये. घरात भुतासारखा फिरतोस, त्यापेक्षा बरं." ती फार्मसी कॉलेजात शिकवायची, आणि माणसाला विरंगुळा लागतो हे तिला औषधासारखं पक्कं ठाऊक होतं. हे तिचं बोलणं पुढे तिलाच अनेकदा आठवणार होतं.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्या सुमारास भट्ट्या एकेक करून थंड होत होत्या. इंजिनाची मोटार आता म्हातारी माणसंच चालवत. बाकी सगळं बॅटरीवर आलं होतं, आणि बॅटरीच्या गाडीला ओतीव इंजिन लागत नाही. अशाच एका बंद फौंड्रीची शेड डिग्याने भाड्याने घेतली होती. साच्यांची काळी वाळू तिथेच पडून होती. ती थापून, पाणी मारून त्याने वळणावळणांचा ट्रॅक केला होता. इंद्रजितने आत पाऊल टाकलं, रबराचा आणि गरम मोटरचा वास नाकात गेला, आणि त्याला भूक लागल्यासारखं झालं.

"रिमोट कुठाय?" त्याने विचारलं.

"रिमोटचा जमाना गेला मर्दा." डिग्याने खिशातून बोटभर रुंदीचा काळा पट्टा काढला आणि त्याच्या उजव्या मनगटावर आवळला. "आता हातच रिमोट."

पट्ट्याची करामत अशी होती. बोट हलवायचं मनात आलं की मेंदूकडून निघालेला विजेचा इशारा आधी मनगटापाशी येतो आणि त्यानंतर क्षणभराने बोट हलतं. पट्टा तो इशारा वाटेतच वाचायचा. पुढे काय होणार याचा अंदाज बांधायचा आणि बोट हलायच्या आधीच गाडीला कळवायचा. अंगठा वळेवळेपर्यंत गाडी वळलेली असायची. पण ही झाली निम्मी करामत. अंदाज नेहमी बरोबर यावा म्हणून पट्टा मनगटात उलटा, अगदी सूक्ष्म, मुंगी चावल्याइतकाही जाणवणार नाही असा विजेचा झटका सोडायचा आणि स्नायूंना अंदाजाच्या दिशेने किंचित ढकलायचा. असं होता होता पट्टा हाताला ओळखायला लागायचा आणि हात पट्ट्याचं ऐकायला लागायचा. याला कंपनीने मराठीत छान शब्द शोधला होता: हात बसवणे. जितका जास्त वेळ पट्टा घालाल तितका हात लवकर बसेल, असं माहितीपत्रकावर लिहिलं होतं. इंद्रजितने तो अंघोळीपुरता काढायचा ठरवला.

त्याच दिवसांत घरात वेगळाच हात बसत होता. रेवा रडकी होती. आईच्या, आजीच्या, कुणाच्याही हाताला दाद द्यायची नाही. एका संध्याकाळी इंद्रजितने तिला डाव्या खांद्यावर घेतलं आणि उजव्या हाताने थोपटायला सुरुवात केली. शाळकरी वयात त्याने तालमीच्या मिरवणुकीत हलगी वाजवली होती. तोच ठेका हाताला आठवला असावा, पण पाण्याखाली वाजवावा तसा संथ. दोन थापा, जरा थांबून एक, आणि त्या शेवटच्या थापेला तळवा उचलायचा नाही, अंगठा हलकेच पाठीच्या कण्यावरून फिरवायचा. पोरगी झोपली. दुसऱ्या दिवशीही झोपली. तिसऱ्या दिवशी त्याची चाहूल लागताच हातपाय नाचवायला लागली.

"जावईबापू, हात आहे हं तुमच्याकडे," मैथिलीची आई म्हणाली. आजवर मिळालेल्या कुठल्याही बक्षिसाने इंद्रजित इतका फुगला नव्हता.

मैथिलीची रजा संपत आली तेव्हा प्रश्न पडला, दिवसा पोरीला झोपवायचं कुणी? इंद्रजितनेच तोड काढली. पट्ट्याने त्याचं थोपटणं इतके दिवस टिपलंच होतं. बाजारात नवे पाळणे आले होते, ज्यांच्या गादीखाली मऊ रबरी तळवा असायचा. पट्ट्यातलं थोपटणं पाळण्यात भरलं की झालं. पहिल्या दुपारी मैथिलीच्या आईने बटण दाबलं. रबरी तळव्याने दोन थापा दिल्या, थांबला, एक थाप दिली आणि गादीखालून अंगठ्यासारखा गोल फिरला. रेवाने सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले.

"बाई बाई, अगदी जावईबापूच बसलेत आत," आजी म्हणाली. सगळे हसले. इंद्रजितला अभिमान वाटला. आता रविवारबरोबर बुधवारीही ट्रॅकवर जायला हरकत नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डिग्याच्या शेडमध्ये मोठी शर्यत व्हायची. सांगली, बेळगाव, पार पुण्याहून लोक यायचे. इंद्रजितला ती जिंकायचीच होती. का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. कारखान्यात त्याच्याहून लहान पोरं वर चढत होती, घरात तो कुणाचा तरी बाबा आणि कुणाचा तरी जावई होता, आणि सगळ्या दुनियेत ती एकच काळ्या वाळूची जागा होती जिथे लोक त्याला इंद्या म्हणत आणि तो आला की बाजूला सरकत. पण गाडी दगा देत होती. लांबच्या डाव्या वळणावर ती ऐन वेळी मऊ पडायची, एकदा, पुन्हा, मग जराशी रेंगाळायची. तेवढ्यात बेळगावचा कुणीतरी आतून घुसायचा.

डिग्या कठड्याला टेकून बघत होता. अचानक तो खदखदून हसायला लागला.

"आयला इंद्या! गाडीला थोपटायलायस तू!"

खरंच होतं ते. पट्ट्याला एकच हात माहीत होता. त्यात शर्यतीचे झटके होते तसं रेवाचं थोपटणंही होतं, आणि लांब वळणावर हात स्थिर धरायची वेळ आली की पट्टा गोंधळून दोन थापा आणि एक विसावा असा अंदाज बांधायचा.

"सोपं हाय," डिग्या म्हणाला. "नको असलेली हालचाल कचऱ्यात टाकायची. माझी तंबाखू मळायची सवय टाकली की मी. गाडी झटक्यात सुधारली."

फोनवर पट्ट्याच्या ॲपमध्ये सगळ्या हालचाली रंगीत ठिपक्यांच्या पुंजक्यांसारख्या दिसायच्या. कंपनीच्या मराठी भाषांतरकाराने नको असलेल्या हालचालींच्या टोपलीला सरळ 'कचरा' असं नाव दिलं होतं. इंद्रजितने थोपटण्याचा निळा पुंजका बोटाने धरला आणि क्षणभर थांबला.

"गाडीपुरतंच ना हे?" त्याने विचारलं.

"मग? पोरीला काय पट्ट्यानं थोपटतोस व्हय? हात तुझाच हाय की."

इंद्रजितने पुंजका टोपलीत सोडला. पुढच्याच फेरीला गाडी लांब वळणावरून दोरी ताणल्यासारखी गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी माहितीपत्रकात होती आणि दोघांनीही वाचली नव्हती. कचऱ्यात टाकलेली हालचाल पट्टा नुसता दुर्लक्षित करत नाही. ती सुरू होतेय असा इशारा दिसला की तो तिला जागीच दाबतो. इशारा निघतो, स्नायू दचकतो, हालचाल होत नाही. सवयीच्या हालचाली सांभाळणारा जो लहान मेंदू, तो मोठा व्यवहारी असतो. धाडलेला निरोप पुन्हा पुन्हा परत यायला लागला, की तो निरोप धाडायचंच बंद करतो. इंद्रजित पट्टा घालूनच जेवत होता, पट्टा घालूनच झोपत होता, आणि पट्टा घालूनच पोरीला खांद्यावर घेत होता.

आधी रेवा नुसती चुळबुळायला लागली. मग अंग ताठ करायला लागली. दात येत असतील, आजी म्हणाली. पोट दुखत असेल, मैथिली म्हणाली. इंद्रजितच्या थापा आता पडत होत्या, पण नेमक्या, कोरड्या आणि छोट्या, दार वाजवावं तशा. त्याचं त्याला काही वेगळं जाणवत नव्हतं. पोरगी पाळण्यात ठेवली की शांत व्हायची, म्हणून तिला पाळण्यात ठेवायचं एवढाच बदल घरात झाला.

"तुझं लक्ष नसतं," मैथिली एकदा म्हणाली. "तिला घेतोस आणि डोक्यात गाडी. पोरांना कळतं ते."

"दमलेला असतो मी," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

शर्यत त्याने जिंकली. बेळगावकर दोन गाड्यांच्या अंतराने मागे राहिला. पुण्याच्या लोकांनी त्याच्या हाताचा व्हिडिओ काढून नेला. ढाल घेऊन तो घरी आला, बूटही न काढता त्याने रेवाला उचललं, हवेत फिरवलं, छातीशी धरलं आणि पाठीवर हात ठेवला. तिने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं. तिचे दोन्ही हात त्याच्या खांद्यावरून मागे, पाळण्याकडे पसरले होते.

दोन दिवसांनी डिग्या पेढे घेऊन आला. मैथिलीने चहा टाकला. डिग्या खुशीत होता, आणि खुशीत असला की त्याचं तोंड थांबत नाही.

"सगळी करामत कचऱ्याची, वैनी. आधी ह्याची गाडी कशी, पाळण्यागत डुलायची. मी म्हटलं, मर्दा, थोपटायलायस काय तिला? ते थोपटणं तेवढं कचऱ्यात टाकलं, आन् गाडी जी सुटली! नाद खुळा!"

मैथिली कप ठेवता ठेवता थांबली. "काय टाकलं कचऱ्यात?"

डिग्याने इंद्रजितकडे बघितलं, इंद्रजितने पेढ्यांकडे. डिग्याने उरलेला चहा एका घोटात संपवला, शेडमध्ये कुणीतरी थांबलंय म्हणाला आणि चप्पल पायात सरकवत निघून गेला. मग मैथिली इंद्रजितच्या समोर बसली.

"कधी?"

"गणपतीच्या आधी. अगं, गाडीपुरतं केलं होतं मी."

"मग पट्टा घरात कशाला?"

"दिवसभर घातला तर हात लवकर बसतो म्हणून."

"बसला ना?"

त्याने मनगटावरचा पट्टा डाव्या हाताने झाकला.

"मी वेडी तुला म्हणत होते, तुझं लक्ष नाही. लक्ष होतं रे तुझं. हातच नव्हता."

"कचरा हा शब्द कंपनीचा आहे," इंद्रजित म्हणाला. आपण काय मूर्खासारखं बोलतोय हे त्याला शब्द तोंडातून निघतानाच कळलं.

"हो. टाकला कुणी?" मैथिली उठली आणि पेढ्यांचा पुडा आत घेऊन गेली.

त्याने पट्टा काढला, मोटार डिग्याच्या शेडमध्ये परत नेऊन ठेवली आणि रेवाला घेऊन बसला. आता तो मनापासून, मोजून, ठरवून थोपटत होता. दोन थापा, थांबायचं, एक. पण ठेका माहीत असणं वेगळं आणि हाताला तो येणं वेगळं. शेवटच्या थापेला तळवा टेकवून ठेवायचा म्हटलं की मनगट आपोआप उसळी घ्यायचं. रेवा रडून लाल व्हायची आणि तिला पाळण्यात ठेवावं लागायचं. तिथे गादीखाली त्याचा चांगला हात होता. श्रावणातला, शर्यतीआधीचा, कशाची घाई नसलेला. इंद्रजित पाळण्याच्या कडेला हात टेकून उभा राहायचा. गादीतून त्या थापा त्याच्या बोटांना जाणवायच्या, आणि त्याला आयुष्यात कुणाचाही वाटला नव्हता इतका त्या हाताचा हेवा वाटायचा.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर बोटं वाजवायला लावली, तळवा उघडायला-मिटायला लावला.

"हात येईल परत," त्या म्हणाल्या. "मेंदू नवीन वाटा काढतो. पण तोच हात येईल असं नाही. आणि वेळ लागेल. वर्ष लागेल, कदाचित जास्त."

"वर्षाने तिला थोपटायची गरजच राहणार नाही, डॉक्टर."

"पट्टा मात्र लावू नका. पाळणाही बंद करा. उघड्या हाताने घ्या तिला. रडेल, रडू दे. तिला तुमचा आत्ताचा हात ओळखायचाय."

घरी आल्यावर मैथिलीनेही तेच सांगितलं. तिचा राग तोवर निवळला होता, निदान त्याच्यावर तो काढण्यात अर्थ नाही असं तिने ठरवलं होतं. "महिनाभर रडेल. रडता रडता होईल ओळख. मी आहे ना. आपण दोघं काढू तेवढे दिवस."

इंद्रजितने चार दिवस काढले. पोटच्या पोरीने आपल्याच खांद्यावर अंग आक्रसून घेणं, नख लागल्यासारखं ओरडणं, आणि दुसऱ्या कुणी उचललं की तत्काळ गप्प होणं, हे बापाला किती दिवस सोसावं? मैथिलीला सोसवलं असतं. ती त्या रडण्यापलीकडचं बघत होती. इंद्रजितला फक्त रडणं ऐकू येत होतं. पाचव्या दिवशी तो डिग्याकडे गेला.

"पाळण्यातला हात परत पट्ट्यात भरता येईल?"

डिग्या घुटमळला. "येतंय की. झटका वाढवला की हात आपोआप उचलतोय. पण मग थोपटणार कोण? तू का पट्टा?"

"भर."

त्या संध्याकाळी त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आणि रेवाला खांद्यावर घेतलं. मनगटात मुंग्या आल्या. मग त्याचा हात उचलला गेला. दोन थापा पडल्या, हात थांबला, एक थाप पडली, अंगठा पाठीच्या कण्यावरून फिरला. त्याने काहीच केलं नव्हतं. तो हाताच्या मागे नुसता बसला होता, एखाद्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसावं तसा. रेवाचं ताठ अंग सैल पडलं. तिने नाक त्याच्या मानेत खुपसलं, आणि इतक्या दिवसांनी तिचा ओला गरम श्वास मानेवर लागला तेव्हा इंद्रजितला रडू कोसळलं. तो आनंदाने रडत होता की लाजेने, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

मैथिली दारात उभी होती. तिने आधी त्याचा चेहरा बघितला, मग बाहीखालचा फुगवटा.

"चारच दिवस?" ती म्हणाली.

"झोपली बघ."

"झोपली." ती आत येऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. त्यानेही काढला नाही, आणि घर सुरळीत चाललं. जिच्यासाठी सगळं झालं ती मोटार गेली, शर्यती गेल्या, पट्टा तेवढा राहिला. रोज संध्याकाळी इंद्रजित कामावरून यायचा, हातपाय धुवायचा आणि पट्टा लावून बाप व्हायचा. रेवा बसायला लागली, रांगायला लागली. कडेवर घेतलं की ती आधी बापाचं मनगट चाचपायची. तिथे पट्टा लागला की त्याच्या खांद्यावर मान टाकायची. नसला तर त्याचा हात अंगावरून बाजूला करायची. त्यात राग नसायचा, ताटातली नको असलेली भाजी सारावी तसं.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका सकाळी मैथिली आणि तिची आई गच्चीवर वाळत घालायच्या पापड्यांची तयारी करत बसल्या होत्या. इंद्रजित शेजारी वर्तमानपत्र वाचत होता. पट्टा बुटक्या स्टुलावर चार्जिंगला लावला होता. रेवा रांगत आली, स्टुलाला धरून उभी राहिली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "बाबा."

"अगंबाई!" आजीच्या हातातली परात कलंडली. "बाबा म्हणाली! ऐकलंत का?"

"पहिला शब्द!" मैथिली सगळं विसरून ओरडली. "इंद्रजित, तुला हाक मारतेय ती!"

इंद्रजितने वर्तमानपत्र टाकलं, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही उघडे हात पुढे पसरले. "ये. ये, रेवा. बाबा इकडे."

रेवाने वळून त्याच्याकडे बघितलं. पाहुण्याकडे बघावं तसं, नीट, कुतूहलाने. मग ती पुन्हा स्टुलाकडे वळली. तिने पट्टा वायरीसकट ओढला, गालाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाबा."

आजी हसायला लागली. "अगं वेडाबाई, बाबा तिकडे! ते काय हातात घेतलंस?" मैथिलीही हसणार होती. तेवढ्यात तिची आणि इंद्रजितची नजरानजर झाली आणि तिने मान खाली घातली.

रेवा पट्टा मुठीत धरून रांगत आली. बापाच्या पसरलेल्या हातांमध्ये ती शिरली नाही. समोर बसून तिने पट्टा त्याच्या मनगटावर ठेवला. तो घसरून पडला. तिने उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पडला, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

"घाल," मैथिली मान वर न करता म्हणाली. "वाट बघतेय ती."

इंद्रजितने पट्टा आवळला. रेवा त्याच्याकडे बघून हसली.